चार बोटं पाणी

आबान लासा मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्यानं अख्खी तिंजार नदी माझ्या डोक्यावर ओतली. माझी बायको उबुंग म्हणते, एवढं काही नव्हतं, बांबूभर पाणी होतं. म्हणायला तिचं काय जातं, तिच्या अंगावर नव्हतं ओतलेलं. माझ्या दोन्ही कानांत एकेक मासा शिरला. तिसरा कोटाच्या खिशात सापडला आणि तो चवीला बरा होता, असं सासूबाई आजही सांगतात.

मी त्या दिवशी या लांबघरात घरजावई म्हणून पाऊल ठेवलं होतं. घरजावई असण्यात आमच्याकडे लाज नाही, सगळेच असतात. फक्त पहिली पाच वर्षं आपलं कोणी ऐकत नाही आणि नंतर ऐकतात ते हसायला. मी नदीच्या खालच्या अंगाचा, मारुदीच्या बाजाराजवळचा. तिथल्या चिनी दुकानदाराकडून मी दोन वस्तू आणल्या होत्या: पांढरा कोट, तो उसना, आणि मनगटी घड्याळ, ते विकत. संध्याकाळची वेळ होती. बावीस दारांच्या, दर दारामागं एक कुटुंब अशा त्या लांबलचक घराची सगळी माणसं ओसरीवर गर्दी करून नदीकडे टक लावून उभी होती. मला वाटलं, जावई बघायला जमलीत. म्हणून मी घाटावरच्या लाकडी कट्ट्यावर चढलो आणि कोट पुढून-मागून नीट दिसावा अशा बेतानं उलटा चालू लागलो, तो पाठीनं जाऊन एका बांबूवर आदळलो.

बांबू छातीइतका उंच, काठोकाठ भरलेला. त्याला मिठी मारून उभा असलेला माणूस बांबूपेक्षा थोडा बारीक होता.

"हलला!" तो ओरडला.

मी म्हटलं, "नाही, मी ठीक आहे."

"तुला कोण विचारतंय? बांबू हलला! गेला आजचा दिवस. कोण आहे हा?"

"उबुंगचा नवरा, पुई," ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या. पुई म्हणजे आजोबा. त्यांच्या आवाजात मी थोडा अभिमान शोधला, सापडला नाही.

"असा ओला का?"

"तुम्हीच ओतलंत की त्याच्यावर!"

"मग वाळत घाला आणि उद्या या वेळेला घरात कोंडून ठेवा. भिजका जावई!"

बावीस दारांनी एकदम हसून त्या नावावर शिक्का मारला. पुढं मला मुलगी झाली आणि रीतीप्रमाणे मी 'तामा सुलाऊ', म्हणजे सुलाऊचा बाप झालो. पण ते नाव फक्त सरकारी कागदावर आहे. सुलाऊसुद्धा मला भिजक्याच म्हणते.

सगळी माणसं माझ्याकडे नव्हे, 'त्याच्या'कडे बघत होती. 'तो' म्हणजे स्वातीचा तारा. आमच्या घरात त्याचं नाव घेत नाहीत, जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत तसं. भाताची पेरणी कधी करायची ते 'तो' ठरवतो. ऑगस्ट-सप्टेंबरात सूर्य बुडून थोडा काळोख झाला की मावळतीच्या डोंगरावर, पिकल्या सुपारीच्या रंगाचा, आभाळात सगळ्यांच्या आधी तो उमटतो. तो दिसला रे दिसला की भरलेला बांबू कलता करायचा आणि बंदूक रोखावी तसा त्याच्यावर रोखायचा. कलताना वरचं पाणी सांडतं. मग बांबू परत उभा करायचा आणि आत किती उरलं ते बघायचं. तारा रोज थोडा खाली उतरतो, त्यामुळे बांबू रोज थोडा जास्त कलतो आणि आतलं पाणी रोज भाताच्या एका दाण्याइतकं खाली जातं. तोंडापासून चार बोटांवर आत एक रेघ कोरलेली आहे. पाणी तिला टेकलं की दुसऱ्या दिवशी पेरणी. त्याआधी कोणी एक दाणा मातीत टाकायचा नाही, त्यानंतर कोणी थांबायचं नाही.

बांबू धरण्याचं काम आबान लासाकडे त्याच्या मामाकडून आलं होतं. बरं झालं, कारण दुसरं कुठलंच काम त्याला येत नव्हतं. तो वल्हं मारायला बसला की होडी स्वतःभोवती फिरायची. कुत्री त्याच्याबरोबर शिकारीला जंगलाच्या कडेपर्यंत जायची, मग एकमेकांकडे बघून परत यायची. त्यानं गाळलेल्या तांदळाच्या दारूनं सासूबाई पितळी घंटा घासत. बायको गेल्यावर त्याच्या नावामागं 'आबान', म्हणजे विधुर, लागलं, तेव्हा बायका म्हणाल्या होत्या की चला, एवढं तरी याला नीट जमलं. हे त्याच्या तोंडावर म्हणाल्या होत्या. आमच्याकडे पाठीमागं बोलणं असभ्य समजतात.

पण वर्षातले ते चार आठवडे! तो केस धुवायचा, धनेशाचं पीस खोचलेली वेताची टोपी घालायचा आणि ओसरीवरून असा चालायचा की कोंबड्यासुद्धा वाट सोडत. बांबू धरणाऱ्यानं कोयत्याला हात लावायचा नाही, अशी रीत. त्यामुळे त्याचं शेत नव्हतं. कापणी झाली की दर दारातून एक टोपली भात त्याला मिळायचं, त्यावर त्याचं वर्ष निघायचं. बांबू होता म्हणून जेवण होतं, एवढा सरळ मामला.

आता घड्याळाकडे येतो. या घरात माझ्या घड्याळाचा काडीचा उपयोग नव्हता, म्हणून मी ते नाही नाही तिथं वापरायचो. पहिल्या वर्षी मी पाहिलं, आबान लासा पावणेसातला बांबू कलता करतो. तिसऱ्या वर्षी सात वाजले. पाचव्या वर्षी सात वीस.

दुसरी एक रीत आहे. 'त्याच्या'कडे कोणी बोट दाखवायचं नाही आणि 'तो' आलाय असं बांबू धरणाऱ्याला कोणी सांगायचं नाही. सांगितलं तर त्या वर्षीचं पीक सडतं. त्यामुळे पाचव्या वर्षी रोज संध्याकाळी काय व्हायचं बघा. पावणेसातला तारा येऊन डोंगरावर ठाण मांडायचा. आंधळ्या कोंबडीलाही दिसला असता. ओसरीवरची शंभर माणसं त्याच्याकडे बघत गप्प उभी. आणि कट्ट्यावर आमचा पुई, टोपीतलं पीस ताठ, डोळे बारीक करून म्हणायचा, "आज उशीर केला यानं."

"येईल, पुई, येईल," मागून माझा मेव्हणा जालोंग म्हणायचा. "अंघोळीला गेला असेल."

फिस्सकन हशा.

"नटतोय अजून. तुमच्यासारखीच टोपी शोधत असेल."

"हसता काय? उभं राहता येत नसेल तर घरात जा," पुई म्हणायचा. त्याच्या डोळ्यांत फूल पडलं होतं, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. फक्त आपल्याखेरीज कोणाला ठाऊक नाही, असं त्याला वाटत होतं.

पस्तीस मिनिटं उशिरा दिसलेला तारा पस्तीस मिनिटं खाली गेलेला असतो. तारा खाली, म्हणून बांबू जास्त कलता, म्हणून पाणी जास्त सांडलेलं. तारा रोज चार मिनिटं लवकर मावळतो, म्हणजे चार मिनिटांना एक दिवस. हे गणित मी त्या वर्षी नखानं ओसरीच्या खांबावर मांडलं, आणि उत्तर नऊ दिवस आलं. आबान लासानं 'टेकलं!' म्हणून आरोळी दिली तेव्हा खऱ्या पेरणीला नऊ दिवस बाकी होते. मी कोणाला बोललो नाही. पाचच वर्षं झाली होती ना मला!

घरानं पेरलं. पाऊस आला नाही, मुंग्या आल्या. अर्धं बी त्यांनी नेलं. उरलेलं उगवलं आणि नदीकाठच्या सगळ्या घरांच्या आधी पिकलं. झालं, तिंजारच्या खोऱ्यातल्या एकूण एक मुनियांना जेवणाचं आवतण गेलं. पलीकडच्या काठावरचे लोक होडीतून जाता जाता ओरडायचे, "काय हो, पाखरांचं पोट भरलं का? आमच्याकडची पण पाठवू का?"

कापणीनंतर घराचा प्रमुख तामा सागिंग यानं ओसरीवर सगळ्यांना बसवलं. मोठा गोड बोलणारा माणूस, डुक्कर मारतानासुद्धा त्याची विचारपूस करायचा.

"पुई, तुमची प्रकृती बरी आहे ना?"

"बरी आहे."

"डोळे?"

"डोळ्यांना काय झालंय?"

"काही नाही, काही नाही. बांबू कोणी तुमच्या हातून काढून घेऊ शकत नाही, तुम्ही आपण होऊन दिलात तरच. रीत आहे. पण यंदाही पेरणी अशी झाली तर तुम्ही आपण होऊन द्यालच, होय की नाही?"

"नाही होणार."

"मी पण तेच म्हणतो," तामा सागिंग म्हणाला आणि त्याला स्वतःच्या हातानं दारू वाढली.

पुढच्या ऑगस्टात मी कट्ट्याजवळची जागा धरली, घड्याळ हातात. सहा पंचेचाळीस. तारा आला. आणि आबान लासानं बांबू कलता केला! त्याच मिनिटाला, थेट ताऱ्यावर. उभा केला, बोट आत घातलं, रेघ चाचपली. "सत्तावीस दाणे राहिले." दुसऱ्या दिवशी पुन्हा पावणेसात. तिसऱ्या दिवशीही.

ओसरी थक्क. "डोळे आले वाटतं म्हाताऱ्याला," सासूबाई म्हणाल्या. "कुठल्या झाडाचा पाला घातला विचारायला हवं."

सहाव्या संध्याकाळी मला उमगलं. तो ऐकत होता. रानातला एक किडा रोज दिवेलागणीला करवतीसारखा ओरडतो, तो थांबला की ओसरीवर कलकल असते. कोण कोणाचं कोंबडं दाबून बसलंय, कोणाची सून झोपाळू आहे. 'तो' उमटला की रीतीप्रमाणे सगळे गप्प होतात. एका श्वासात, शंभर माणसं. आबान लासाला ताऱ्याची गरजच नव्हती. आमची तोंडं मिटली की तो बांबू कलता करायचा. आणि कुठं रोखायचा, किती कलता करायचा, ते त्याच्या मानेला आणि मनगटाला चाळीस वर्षांत पाठ झालं होतं.

हे मी पोटात ठेवायला हवं होतं. पेरणी वेळेवर होणार होती, म्हाताऱ्याला जेवण मिळणार होतं, कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण असली मौज पोटात ठेवून माणूस जगतो कसा, ते मला अजून कळलेलं नाही. त्यात एका दुपारी पाऊस लागला, दारू निघाली, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा ओसरीवरचे सगळे पुरुष माझ्याकडे तोंड करून बसले होते. मी पुईची नक्कल केली. डोळे बारीक केले, कान टवकारले, कुदळीचा दांडा मिठीत घेतला. लोक हसून लोळले.

"थांब, थांब," जालोंग डोळे पुसत म्हणाला. "म्हणजे आपण उगीचच गप्प झालो तर?"

"तर तो ढगावर बांबू रोखेल," मी म्हटलं.

मी असं करा म्हणालो नव्हतो. मी फक्त तसं होईल म्हणालो होतो. उबुंगला हा फरक कधीच पटला नाही.

चार दिवसांनी आभाळ भरून आलं. मावळतीला राखेसारखा जाड ढग, आतून काजवा दिसला नसता. आबान लासा टोपी घालून कट्ट्यावर आला. किडा ओरडला, थांबला. ओसरीवर कलकल. गप्प होण्याची खूण मी करायची होती, कारण घड्याळ माझ्याकडे. पावणेसात झाले, एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. तेवढा मी चोख माणूस आहे. मी हात वर केला. शंभर तोंडं मिटली.

आबान लासानं बांबू कलता केला. सावकाश, थेंब न उडवता. रोखला, क्षणभर स्थिर धरला, उभा केला, बोट आत घातलं.

"तेरा दाणे," तो म्हणाला.

मग जे हसू फुटलं ते मी आयुष्यात पुन्हा ऐकलं नाही. ओसरीच्या फळ्या हलल्या. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कुत्री भुंकायला लागली.

"कसले तेरा, पुई? ढगातले का?"

"पुई, वर बघा! वर आहे काय?"

"त्याला सांगा, अंघोळ झाली असेल तर बाहेर ये!"

आबान लासा बांबू धरून उभा होता. तो आधी आभाळाकडे वळला, मग ओसरीकडे. दोन्हीकडे त्याला सारखंच दिसत असणार. मग त्यानं हाक मारली, "भिजक्या. तू जवळ आहेस ना?"

"आहे."

"बोट घाल. किती आहेत सांग."

मी बोट घातलं. आदल्या संध्याकाळी, तारा लख्ख असताना, चौदा दाणे होते. आता पाणी त्याखाली नेमकं एक दाणा होतं. जाड ढगाच्या पलीकडे तारा जिथं होता तिथंच त्यानं बांबू रोखला होता. तेरा म्हणजे तेरा.

ओसरी गप्प होऊन मी काय म्हणतो ते ऐकत होती. सगळं घर.

"पुई," मी म्हटलं, "मला तर तळच लागत नाही."

हशाची दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी होती.

तामा सागिंग खाली उतरला. त्यानं म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दमलात, पुई."

आबान लासानं बांबूतलं पाणी ओतून टाकलं. मी समोरच उभा होतो. माझ्या पायावर एक थेंब पडणार नाही इतक्या जपून त्यानं ते बाजूला ओतलं, आणि रिकामा बांबू आपण होऊन पुढं केला. जालोंगनं घेतला.

"टोपी पण द्या की," मागून कोणीतरी म्हणालं. त्यानं टोपी पण दिली.

जालोंगची नजर घारीसारखी. पहिल्याच स्वच्छ संध्याकाळी त्यानं सूर्य बुडता बुडताच, लाल उजेडातच तारा टिपला. लोक म्हणाले, याला म्हणतात डोळे! मी घड्याळ पाहिलं: सहा पंचवीस. वीस मिनिटं लवकर. तारा वर, बांबू कमी कलता, पाणी रेघेच्या बरंच वर. रेघ काही जालोंगच्या डोळ्यांसाठी कोरलेली नव्हती; ती कधीकाळी कोणा चारचौघांसारख्या डोळ्यांच्या माणसानं कोरली होती. पाच दिवस तिथंच गेले. मग ढग आले ते हटेनात. तारा दिसल्याशिवाय मी बांबू हलवणार नाही, जालोंग म्हणाला, मी काही पुई नाही ढगावर रोखायला. आठ दिवस त्यात गेले.

दरम्यान आबान लासाला तामा सागिंगनं जमीन दिली. बांबू नाही म्हणजे टोपल्या नाहीत. ज्याचं त्यानं पिकवायचं. "रीत आहे, पुई," तो गोड आवाजात म्हणाला. सत्तरीच्या त्या माणसानं चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोयता हातात घेतला आणि दोन चटया मावतील एवढी जागा साफ केली. आम्ही ओसरीवरून बघायचो.

"पुई, तिकडं नाही, ते झाड आहे! इकडं, हे गवत!"

आणि बांबू दिला त्या संध्याकाळनंतर बरोबर चौदाव्या दिवशी, सोळा सप्टेंबरच्या सकाळी, तो काठीनं भोकं पाडून पेरताना दिसला. घराची पेरणी अजून जाहीर झालेली नव्हती. बांबू सोडलेल्या माणसाला बांबूची रीत लागते का, यावर ओसरीवर दोन दिवस वाद झाला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "पेरू दे. दोन चटयांनी काय पीक सडतंय!" तेव्हा कुठं वाद मिटला.

आमची पेरणी त्यानंतर तेरा दिवसांनी झाली, आणि लागलीच मोठा पाऊस. पेरणीसाठी जाळलेल्या रानाची राख नदीला मिळाली, बी राखेच्या मागोमाग गेलं. जे उगवलं त्यापेक्षा तण उंच होतं.

आबान लासाचं भात मात्र वेळेवर उगवलं, वेळेवर निसवलं. दोन चटयांवर सोन्यासारखं पीक. त्या वर्षी आमच्या डोंगरावर वेळेवर पिकलेला तेवढाच एक तुकडा होता, त्यामुळे मुनियांना शोधत फिरावं लागलं नाही. म्हातारा दिवसभर टोपलीचं झाकण बडवत बसायचा. पाखरं त्याच्या मागच्या बाजूला उतरायची. ती कुठं आहेत हे त्याला फक्त आवाजावरून कळायचं, आणि खाताना ती आवाज करत नाहीत.

"पुई, मागं, मागं!" जालोंग ओरडायचा. तो मागं वळला की पाखरं पुढं. "आता पुढं!"

या खेळाला रोज गर्दी व्हायची. मीही जायचो.

त्याच्या हाती एक टोपीभर भात आलं. ती टोपीसुद्धा आमच्याकडून मागून नेलेली होती. आम्ही सगळ्यांनीच त्या वर्षी साबुदाण्याची लापशी खाल्ली. त्यानं आमच्यापेक्षा दोन महिने आधी सुरू केली आणि तीही, सांगायला हवं, स्वतः साबुदाण्याचं झाड कापून, त्याचं खोड किसून. फेब्रुवारीत त्या कापलेल्या खोडावरून उतरताना तो पडला. मांडीचं हाड मोडलं. अकरा दिवसांनी गेला. उबुंग त्याला लापशी भरवायला जायची. मी काय करतोय म्हणून तो विचारायचा, असं ती सांगते. माझ्या त्या वेळी बऱ्याच फेऱ्या मारुदीला होत्या.

शेवटच्या फेरीत मी चिनी दुकानदाराकडून एक छापील कॅलेंडर आणलं. आता दर वर्षी आणतो. आम्ही सोळा सप्टेंबरला पेरतो.